रत्नागिरीचें जुनेर

मराठी भाषेंत जुन्या वस्त्राला जितकीं नांवें आहेत तितकीं नव्या वस्त्रालाहि नसतील. वापरून मऊ झालेलें, पण अजून धड असलेलें तें जुनेर. लुगड्याचा अर्धाअधिक भाग उरला म्हणजे तो धडपा. आणखी फाटलें कीं तें फडकें, चिरगूट, पटकूर. लोंबूं लागलें कीं लक्तर. आणि अखेरीस हातांत राहते ती चिंधी. ही उतरंड शब्दकोशकारांनीं बसून रचलेली नाहीं. कापड कोणत्या पायरीवर आलें म्हणजे त्याचा कोणता उपयोग करावा, हें ज्यांना वर्षानुवर्षें ठरवावें लागलें, त्या घरोघरच्या बायकांची ती भाषेला देणगी आहे.

हल्लीं मोठ्या शहरांच्या दुकानांत कपड्याच्या शिवणींत एक चिठ्ठी बसविलेली असते. हें वस्त्र जुन्या कापडाच्या तंतूंपासून बनविलें आहे, सबब तें घेतल्यानें पाण्याची आणि जमिनीची बचत होते, असें ती चिठ्ठी सांगते. ग्राहकानें तिच्यावर विसंबून निवड करावयाची. ही निवड नव्या युगाची आहे असें मानण्याची चाल पडली आहे. एका रत्नागिरी जिल्ह्यापुरतें पाहिलें तरी ती फार जुनी ठरते. इतकेंच कीं, पूर्वीं ती दुकानांत होत नसे, माजघरांत होई. आणि ती कोणी करावयाची, या प्रश्नावरून या प्रदेशांत भांडणेंहि मोठालीं झालीं आहेत. जुनेराचा इतिहास अर्धा काटकसरीचा आहे आणि अर्धा त्या भांडणांचा.

कापडाच्या बाबतींत रत्नागिरी हा परावलंबी मुलूख. जांभ्या दगडाचे सडे, वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, भात आणि नाचणी पिकावी, नारळीपोफळी वाढाव्या. कापूस मात्र येथें नांवाला नाहीं. वस्त्र यावयाचें तें घाटावरून किंवा समुद्रावरून. अणस्कुऱ्याच्या घाटानें बैलांच्या पाठीवरून माल राजापुरास उतरे, आणि इंग्रजांनीं राजापुरास वखार घातली ती याच व्यापाराच्या ओढीनें. शिवाजीमहाराजांनीं १६६१ सालीं ती वखार लुटली हें शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. त्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या मालांत मिऱ्यांबरोबर कापडाच्या गांठी असत, हें सहसा कोणी सांगत नाहीं. ज्या वाटेनें या गांठी जात त्या वाटेवरच्या कुळंब्याच्या अंगावर मात्र लंगोटी, थंडीला घोंगडी आणि पावसांत पानांचें इरलें.

अशा मुलुखांत लुगडें म्हणजे घरांतील एक जिंदगीच. नऊवारी लुगडें सगळीकडे सारखें झिजत नाहीं. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधीं विरतो. पदर आणि कांठ पुष्कळ दिवस तग धरतात. म्हणून मधला विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांस शिवावयाचे. याला दंड घालणें म्हणत. दंड घातलेलें लुगडें नेसून पाणवठ्यावर जाण्यांत कोणी लाज मानीत नसे. सणाच्या दिवशीं तेंच नेसावें लागलें तर मात्र गोष्ट वेगळी.

दंडाच्या लुगड्याचाहि जीव संपला म्हणजे खरी निवड सुरू होई. अगदीं मऊ झालेलें सुती कापड बाळंतिणीच्या खोलींत जाई. तान्ह्या मुलाचें पहिलें वस्त्र जुनेराचें असावें अशी चाल होती. तिला शकुनाचें रूप आलें असलें तरी कारण साधें आहे: कोऱ्या कापडाला खळ असते आणि त्याचें सूत कोवळ्या कातडीला बोचतें, शेंदोनशें वेळां धुतलेलें सूत बोचत नाहीं. दुपटें, झबलें, कुंची हीं सारीं याच कापडाचीं. घट्ट विणीचें, कांठ शाबूत असलेलें लुगडें गोधडीच्या बाहेरच्या बाजूस. धोतराचें पान मऊ, म्हणून तें अंगाकडच्या बाजूस. विरळ आणि विटलेलें असेल तें मधल्या थरांना. ज्याचा रंग जातो तें कापड पांढऱ्या थराशेजारीं घालावयाचें नाहीं. जें धुण्यांत आटतें तें न आटणाऱ्याशीं शिवावयाचें नाहीं, नाहीं तर पहिल्याच धुण्याला शिवण ओढून धरते आणि गोधडीला गोळे येतात. हें ज्ञान कोठें लिहिलेलें नव्हतें. तें बोटांत होतें. कापड दोन्ही हातांनीं धरून उजेडाकडे करावयाचें, अंगठ्यानें ताणून पाहावयाचें, आणि मग तें कोणत्या ढिगांत टाकावयाचें तें ठरवावयाचें.

शिवण्याचें काम पावसाळ्याआधीं उरकावें लागे, कारण एकदां मृग लागला कीं पुढें चार महिने ओली गोधडी वाळावयाची नाहीं. अंगणांत किंवा ओटीवर अस्तर अंथरावें, कोपऱ्यांवर दगड ठेवावे, थरांवर थर लावावे, वरचें कापड ताणून घ्यावें आणि कडेपासून आंत आंत धावदोरा घालीत यावें. एकीच्या हातून हें लवकर होत नाहीं. शेजारणी बसतात, आणि टांक्यांच्या लांबीवरून कोणती ओळ कोणी घातली तें मागाहून ओळखतां येतें. गोधडीला कोठें वाकळ म्हणतात. नांव कोणतेंहि असो, तिच्यांत विकत आणलेलें असें फारसें कांहीं नसतें. सुई आणि दोरा, एवढेंच.

गोधडींतहि जें बसत नाहीं तें आणखी खालीं उतरे. त्याची डोईवरची चुंबळ होई, हातपुसणें होई, देवळांतील आरतीचा काकडा होई. सर्वांत शेवटीं पोतेरें. शेणामातीनें जमीन सारवावयास तें लागे, आणि सारवतां सारवतां तें झिजून जमिनीचाच भाग होऊन जाई. पोतेऱ्यापुढें कापडाला गति नाहीं.

ही उतरंड बौद्धांच्या विनयपिटकांत जवळजवळ जशीच्या तशी सांपडते. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं आनंदाला पांचशें वस्त्रें दिलीं. राजाला संशय आला: एवढीं वस्त्रें घेऊन हा भिक्षु काय दुकान मांडणार आहे? त्यानें विचारलें. आनंदानें सांगितलें कीं, ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं आहेत त्यांना हीं वांटून देऊं. मग जुन्या चीवरांचें काय? त्यांच्या अंथरुणावर घालावयाच्या चादरी करूं. जुन्या चादरींचे गाद्यांचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांचीं जमिनीवरचीं आंथरणें, त्यांचीं पुढें पायपुसणीं, त्यांचीं धूळ झाडण्याचीं फडकीं. आणि तींहि विरलीं म्हणजे त्यांचे तुकडे करून, मातींत कालवून, जमीन लिंपूं. राजा इतका संतुष्ट झाला कीं त्यानें आणखी पांचशें वस्त्रें दिलीं. दापोली तालुक्यांत कोटजाई नदीच्या कांठीं पन्हाळेकाजी येथें २९ लेणीं आहेत. त्यांतील सर्वांत जुनीं बौद्धांचीं. तेथें वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना हाच विनय लागू होता. कोंकणांतील घरधनीण आणि लेण्यांतील भिक्षु यांचा परस्परांशीं कांहीं संबंध जोडण्याची गरज नाहीं. कापड दुर्मिळ असलें आणि बुद्धि जागी असली म्हणजे दोघेंहि पोतेऱ्यापर्यंत येऊन पोंचतात.

मात्र एक गोष्ट येथेंच लक्षांत ठेवावयास हवी. उकिरड्यावरच्या किंवा स्मशानांतल्या चिंध्या वेंचून त्यांचें चीवर शिवणें हें भिक्षूचें व्रत होतें. त्याला पंसुकूल म्हणत. तें त्यानें आपण होऊन घेतलेलें असे. पुढें याच भूमींत स्मशानांतलें वस्त्र दुसऱ्या कोणाच्या वांट्यास आलें, तें मात्र कोणी आपण होऊन घेतलेलें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कापडाचा सगळा व्यवहारच पालटला. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सुताच्या गिरणीची कंपनी काढली, आणि दोन वर्षांनीं ती गिरणी चालूं झाली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा भाग धुराड्यांनीं भरून गेला. या गिरण्यांना माणसें पुरविलीं तीं मुख्यतः रत्नागिरीनें. १९११ च्या खानेसुमारींत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले आढळले. तेव्हांचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासकट. ते दोन वेगळे झाले १९८१ सालीं. ज्या मुलुखांत कापसाचें बोंड पिकत नव्हतें, त्या मुलुखांतील माणसें आतां हजारों वार कापड विणूं लागलीं.

याचा परिणाम घरच्या गांठोड्यावर झाला. शहापूर-इलकलकडच्या हातमागाच्या लुगड्याशेजारीं गिरणीचें लुगडें आलें. तें स्वस्त होतें. शिमग्याला किंवा गणपतीला चाकरमानी बोटीनें उतरे तेव्हां त्याच्या ट्रंकेंत धोतरजोडी आणि लुगडीं असत. चाळींत राहणाऱ्या बाईची ओळख आणखी एका परीक्षक स्त्रीशीं झाली. ती म्हणजे बोहारीण. डोईवर भांड्यांची पाटी घेऊन ती दारांत येई, जुने कपडे घेई आणि त्यांच्या मोबदल्यांत पातेलें किंवा तांब्या देई. तीहि कापड उजेडाकडे धरून पाही, आणि तिची नजर माजघरांतल्या नजरेहून कठोर असे. धुतलेलें, खळ दिलेलें, घडी घातलेलें जुनेर तिच्यापुढें ठेवण्यांत चाळकरणीची सारी हुशारी पणाला लागे. जरीचा कांठ असला तर बोलायलाच नको, कारण खरी जर जाळली म्हणजे चांदी हातीं येते हें दोघींनाहि ठाऊक. घासाघीस अर्धा अर्धा तास चाले. यांत कोणी कोणाला फसवी असें मात्र नव्हे. दोघीहि कापड जाणत, आणि नको असेल तर नाहीं म्हणण्याची मोकळीक दोघींनाहि होती.

गिरणीच्या आंत ती मोकळीक नव्हती. साच्यावर विणतांना कापडांत खोट राहिली, तार तुटली, तेलाचा डाग पडला, तर तें कापड विणकराच्याच गळ्यांत बांधावयाचें आणि त्याची किंमत पगारांतून कापून घ्यावयाची, अशी वहिवाट कित्येक गिरण्यांत होती. खोट सूत वाईट असल्यामुळें राहिली कीं साचा जुना असल्यामुळें, कीं माणसाच्या हयगयीनें, याचा निवाडा करणारा पुष्कळदां दंड बसविणाराच असे. मजूर महिनाभर राबून पगाराऐवजीं डागी कापड हातांत घेई. तें पडेल त्या भावानें विकावें, नाहीं तर गांवीं धाडावें. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपानें बंद राहिल्या, त्या काळांत दंड आणि पगारकपात या कामगारांच्या ठसठसत्या तक्रारी होत्या. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननें १९३१ च्या अहवालांत अशा कपातीचा परामर्श घेतला, आणि १९३६ च्या पगारवांटणीच्या कायद्यानें तिला मर्यादा घातली: दंड रुपयामागें अर्ध्या आण्याहून अधिक नको, आणि नुकसानीबद्दल पैसे कापावयाचे तर आधीं कामगाराचें म्हणणें ऐकून घ्या.

डागी ताग्याचें लुगडें आणि दंड घातलेलें लुगडें हीं दोन्ही एकाच गोधडींत शेजारीं शेजारीं शिवलीं गेलीं असतील. सुईला त्यांतला फरक कळत नाहीं. तो फरक कापडाचा नाहींच. एक निवडून घेतलेलें आहे आणि दुसरें लादलेलें.

याच काळांत कापडावरून दुसरा एक वाद पेटला, आणि तो अक्षरशः पेटला. ऑक्टोबर १९०५ मध्यें पुण्यांत विलायती कपड्यांची होळी झाली. विनायक दामोदर सावरकर तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत विद्यार्थी होते. त्यांना याबद्दल दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावें लागलें. त्या होळीला ज्यांचें पाठबळ होतें ते लोकमान्य टिळक जन्मानें रत्नागिरीचे. आणि पुढें १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना स्थानबद्ध करून ठेविलें तेंहि रत्नागिरीस. १९२१ च्या ३१ जुलैला परळ येथें महात्मा गांधींनीं विलायती कापडाची मोठी होळी पेटविली, त्या भागांत कोंकणी गिरणी कामगारांची दाट वस्ती होती.

यावर दोन मोठ्या माणसांनीं आक्षेप घेतला. दीनबंधु अँड्र्यूज यांना मनुष्यांच्या हातचें सुंदर काम जाळलेलें पाहवेना. रवींद्रनाथ ठाकुरांचा प्रश्न अधिक रोखठोक होता: देशांत माणसें उघडीं फिरत असतां कापड जाळण्याचा अधिकार कोणाला? गांधीजींचें उत्तर या विषयाच्या इतिहासांत विसरण्याजोगें नाहीं. जें वस्त्र आपण नापाक म्हणून टाकतों तेंच गरिबाला देऊं करणें हा दानधर्म नव्हे. स्वाभिमान गरिबालाहि असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ठाकुरांचा प्रश्न तरीहि उभाच राहतो, आणि तो उभा आहे हें गांधीजींनाहि जाणवलें असावें. कारण त्याच वर्षीं सप्टेंबरांत मदुरेस त्यांनीं सदरा आणि टोपी टाकून पंचा नेसला. होळींत कोरें आणि जुनेर असा भेद नव्हता, देशी आणि विलायती हाच भेद होता. कोंकणांतल्या गोधड्यांच्या पोटांत किती मँचेस्टर निजलें होतें याची मोजदाद मात्र कोणी केली नाहीं.

आतां स्मशानांतल्या वस्त्राची गोष्ट. गांवगाड्यांत महार समाजाच्या वांट्याला जे तथाकथित हक्क आले होते, त्यांत प्रेतावरचें वस्त्र हा एक होता. दुसऱ्यांनीं टाकलेलें नेसावयाचें, आणि नवें चांगलें नेसलें तर गांवाच्या डोळ्यांत खुपावयाचें, असा हा दुहेरी पेंच. ज्यांनीं तो तोडला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें मूळ गांव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत आहे. डिसेंबर १९२७ मध्यें, जिल्ह्याच्या उत्तरेला लागूनच असलेल्या महाडास सत्याग्रह परिषद भरली. मनुस्मृतीचें दहन झालें तें याच परिषदेंत. तेथें जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनीं जो उपदेश केला त्यांत कपड्याची गोष्ट मुद्दाम आली. वस्त्राला ठिगळें असलीं तरी हरकत नाहीं, तें स्वच्छ असूं द्या. आणि कोणतें वस्त्र नेसावें, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हें ठरविण्याचा तुमचा अधिकार कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. ठिगळाची अप्रतिष्ठा त्यांनीं केली नाहीं, आणि टाकाऊ वस्त्राची सक्ति एका वाक्यानें नाकारली. ज्या गोष्टीवर भिक्षूचें पंसुकूल आणि महाराच्या पदरांतलें प्रेतवस्त्र यांचा भेद उभा होता, ती गोष्ट इतक्या नेमकेपणानें फार थोड्यांनीं मांडली आहे.

येथवर जुनेराचा व्यवहार हातांचा होता. यंत्राकडे तो गेला इंग्लंडांत. यॉर्कशायरमधील बॅटले गांवच्या बेंजामिन लॉ यानें १८१३ च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या दांतेरी यंत्रानें पिंजून, त्यांत थोडी नवी लोकर मिसळून, सूत कातण्याची युक्ति काढली. या मालाला शॉडी असें नांव पडलें. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या आरंभीं, १८६१ सालीं, कंत्राटदारांनीं सैनिकांना असल्या कापडाचे निकस गणवेश पुरविले. ते पावसांत उसवून अंगावरून गळूं लागले, आणि शॉडी हा शब्द इंग्रजींत हलक्या मालाचा वाचक होऊन बसला. वास्तविक दोष चिंधीचा नव्हता. चिंधी कोठें चालते आणि कोठें चालत नाहीं हें पाहणाऱ्याचा, किंवा पाहूनहि न पाहणाऱ्याचा, तो दोष होता. हाच उद्योग पुढें हरयाणांतील पानिपतांत वाढला. मराठी माणसाला पानिपत म्हटलें कीं १७६१ आठवतें. आज तेथें जगभरचे टाकलेले लोकरी कपडे येऊन पडतात, रंगांवारी वेगळे होतात, पिंजले जातात आणि त्यांच्या घोंगड्या होतात. पूर किंवा भूकंप झाला म्हणजे संकटग्रस्तांना वांटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्या पुष्कळशा तेथल्याच.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, कापडावर सरकारी नियंत्रण आलें, भाव ताग्यावर छापूं लागले, आणि ज्यांनीं कधीं सुई हातांत धरली नव्हती अशा घरांतहि रफू सुरू झालें. इंग्लंडांत १९४१ पासून कपड्यांचें रेशनिंग होतें आणि जुनें दुरुस्त करून वापरा असा सरकारचाच प्रचार चालूं होता. कोंकणाला त्या प्रचाराची गरज नव्हती.

गोधडीचा खरा शत्रु पुढें आला, आणि तो टंचाईनें नव्हे तर मुबलकपणानें आला. १९६० नंतर नायलॉन आणि टेरिलिन, मागाहून पॉलिएस्टर. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप झाला. तो मिटला असें कधीं म्हणतांच आलें नाहीं, पुष्कळ गिरण्या पुन्हा पूर्ववत् चालल्याच नाहींत, आणि हजारों कामगार कोंकणांत परतले. त्यांच्या घरचें जुनेर तोंवर बदललें होतें. कृत्रिम धाग्याची साडी लवकर फाटत नाहीं, रंग सोडीत नाहीं, पावसाळ्यांतहि झटकन् वाळते. बायकांनीं ती आवडीनें नेसली यांत नवल नाहीं. परंतु ती घाम टिपीत नाहीं, कितीहि धुतली तरी जुन्या सुतासारखी मऊ होत नाहीं, तिचें दुपटें होत नाहीं आणि पोतेरें तर नाहींच नाहीं. पाणी तिच्यावरून निथळून जातें. मातींत ती विरत नाहीं. आनंदानें उदयनाला सांगितलेली साखळी तिच्यापाशीं येऊन तुटते.

आजच्या चिठ्ठी लावलेल्या कपड्यांकडे पाहावयाचें तें ही साखळी डोळ्यांपुढें ठेवून. जुन्या सुती कापडाचें नवें सूत करतांना त्याला फाडून पिंजावें लागतें, आणि प्रत्येक पिंजणींत तंतु आंखूड होतो. नुसत्या अशा तंतूचें सूत कच्चें निघतें, म्हणून त्यांत नवा कापूस तरी मिसळतात, नाहीं तर पॉलिएस्टर. कापूस मिसळलेला असेल तर तें वस्त्र पुन्हा एकदां पिंजतां येतें. पॉलिएस्टर मिसळलेला असेल तर दोन्ही धागे वेगळे काढणें महाकठीण, आणि त्या वस्त्राचा प्रवास बहुधा तेथेंच संपतो. पुनर्वापराचें पॉलिएस्टर म्हणून जें विकलें जातें तें बहुतेक जुन्या कपड्यांचें नसतेंच. पाण्याच्या बाटल्या वितळवून तें काढलेलें असतें. बाटलीची पुन्हा बाटली होऊं शकते. बाटलीची साडी झाली म्हणजे तिचें पुढें कांहीं होणें दुरापास्त. शिवाय प्रत्येक धुण्याला असल्या कापडाचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्याबरोबर वाहून समुद्रांत जातात, आणि मिरकरवाड्याच्या बंदरांत ज्या जिल्ह्याची मासळी उतरते त्याला ही गोष्ट परकी नाहीं. साऱ्या जगांत नव्यानें विणल्या जाणाऱ्या तंतूंपैकीं जुन्या वस्त्रांतून परत आलेला वांटा अजून शेंकडा एकहि भरत नाहीं.

चिठ्ठीवरचे आंकडेहि वाचावयास शिकलें पाहिजे. पुनर्वापराच्या मालाचा जो एक जागतिक दाखला पुष्कळ गिरण्या घेतात, तो शेंकडा २० भाग जुना असला तरी मिळतो. ग्राहकाला दिसेल अशी खूण कपड्यावर लावावयास शेंकडा ५० लागतात. म्हणजे खूण असलेल्या सदऱ्यांतहि अर्धा माल नवा असूं शकतो. तेव्हां माजघरांतलीच परीक्षा येथेंहि लावावी: धागा एकच आहे कीं भेसळीचा, जुना भाग किती तें लिहिलें आहे कीं नुसतें पान किंवा हिरवें चक्र छापलें आहे, वीण उजेडाकडे धरली तर कशी दिसते. अंगालगतच्या कपड्याला एकजात सुती. रोज धुवावयाचें नाहीं अशा पिशवीला, पडद्याला किंवा जाकिटाला भेसळ चालून जाईल. आणि यंत्रांतून काढलेल्या कोणत्याहि सुतापेक्षां आहे तो सदरा आणखी दोन वर्षें घालणें स्वस्त पडतें. दंड घालणारीला हें सांगावें लागत नसे.

अलीकडे गोधड्यांना शहरांत किंमत येऊं लागली आहे. बायकांचे बचतगट त्या शिवून विकतात, आणि पूर्वीं जी गोष्ट गरिबीची खूण म्हणून पाहुण्यांपासून लपविली जाई ती आतां दिवाणखान्यांत मांडली जाते. विकावयाच्या गोधडीला बहुधा नवें कोरें कापड वापरतात, कारण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचें जुनेर नको असतें. घरच्या गोधडीची रीत मात्र अजून तीच आहे. ती फाटली म्हणजे कोणी उसवीत बसत नाहीं. तिच्यावरच नवें कापड घालून पुन्हा धावदोरा घालतात. त्यामुळें जुन्या घरांतली एखादी जड गोधडी कोपऱ्याला उसवली तर वर नायलॉनची फुलाफुलांची साडी असते, तिच्याखालीं गिरणीचें धोतर, आणि त्याच्याखालीं, हात लावला तर भुगा होईल असें, कांठाचा रंग अजून ओळखूं येणारें हातमागाचें लुगडें.